समितीला नकाशा मान्य आहे

पद्मावती मगदूमनं पत्र्याच्या नळीतून नकाशा काढून टेबलावर पसरला, तशी पाणीवाटप समितीतली माणसं कपबशा बाजूला सारून वाकली. नऊशे किलोमीटर उंचीवरून उपग्रहानं मार्च महिन्यात टिपलेलं बोरओढा तलावाचं खोरं त्यात होतं. साल होतं १९८१. असला नकाशा कोल्हापुरातल्या त्या पाटबंधारे कचेरीत आजवर आला नव्हता, आणि हैदराबादला तीन महिने राहून तो वाचायला शिकलेली पद्मावती तिथं एकटीच होती.

बैठकीपुढं काम एकच होतं. मे महिन्यातली कालव्याच्या पाण्याची तिसरी, शेवटची पाळी कुणाला द्यायची? तलावात एका गावापुरतंच पाणी उरलं होतं. कालव्याच्या तोंडाशी वरगाव, शेपटाला टेकमाळ. टेकमाळला तिसरी पाळी चार वर्षांत पोचली नव्हती. यंदाही चुकली तर विहिरी तळ गाठणार, शेंगा भरायच्या आधीच भुईमूग वाळणार आणि दावणीची जनावरं बाजाराला लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सकाळीच तिचे वरिष्ठ, अभियंता बर्वेसाहेब यांनी तिला बजावलं होतं, "मगदूमबाई, दहा मिनिटं. रंगीत चित्र दाखवा, उपग्रह म्हणजे काय ते सांगा आणि बसा. पाळीचं ठरलेलं आहे."

ठरलेलं म्हणजे वरगाव. समितीचे अध्यक्ष गणपतराव वरगावचेच.

तिनं तोंड उघडायच्या आत गणपतरावांनी नकाशावर बोट ठेवलं. "ह्ये काय, आमचं वरगाव न्हवं?"

"हो. आणि इकडं टेकमाळ. पण रंगांबद्दल आधी..."

"रंग दिसत्यात की आमाला!" गणपतराव उठून उभेच राहिले. "बघा समद्यांनी! आमचं रान कसं तांबडंभडक झालंय. करपलंय नुसतं! आन् टेकमाळ? निळं-हिरवं गार. पाण्यात लोळाय लागल्यात ही लोकं, आन् हितं येऊन रडत्यात."

"साहेब, तसं नसतं..." पद्मावती म्हणाली.

"थांबा बाई. तुमचाच नकाशा बोलतोय, त्येला बोलू द्या. बर्वेसाहेब, लिवून घ्या. समितीनं नकाशा बघितला, समितीला नकाशा मान्य हाय."

बर्वेसाहेबांना आनंदच झाला. त्यांनी वही ओढली, लिहिलं आणि सह्यांसाठी फिरवली. दोनदा सांगायला गेले, आता सही होऊ दे, असं पद्मावतीनं मनाशी ठरवलं. टेकमाळच्या चिमणाबाईपाशी वही आली तेव्हा मात्र तिचा हात अडला. नवऱ्यामागं सहा एकर शेती एकटीनं ओढणारी ही बाई समितीत शेपटाच्या गावाची म्हणून होती.

"मावशी, करा सही," पद्मावती हळूच म्हणाली. "खरंच करा."

चिमणाबाईनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि सही केली.

मग पद्मावती उभी राहिली. तिचा आवाज मुळात बारीक, पण त्या दिवशी तो अडखळला नाही. "उपग्रहाच्या कॅमेऱ्याला डोळ्यांना न दिसणारा एक प्रकाश दिसतो. हिरवं पान तो प्रकाश सगळ्यात जास्त परत फेकतं, आणि कागदावर त्याला लाल रंग देतात. जितकं पीक दाट, तितकं लाल. निळं-हिरवं दिसतंय ती उघडी काळी जमीन. तिथं गवताची काडी नाही."

गणपतरावांनी नकाशावरचं बोट उचललं.

"मार्चमध्ये वरगावात चारशे एकर हिरवं उभं होतं," ती पुढं म्हणाली. "समितीच्या नोंदीत ऊस नव्वद एकर आहे. बाकीची ज्वारी, ती तर फेब्रुवारीत निघाली. मग हे उरलेलं तीनशे दहा एकर काय आहे, आणि कुणाच्या पाण्यावर?"

चिमणाबाई पदर तोंडाला लावून हसली. "गणपतराव, करपलेलं रान लई गोड लागत आसंल की वो!"

मग जो गलका उठला! गणपतराव ओरडले, "अमेरिकेचं यंत्र आमाला आमचं रान दावणार? आन् ही कालची पोरगी सांगणार? खोटाय नकाशा!"

"तुम्ही आत्ताच मान्य केलात," पद्मावती म्हणाली. "तरी खोटा वाटत असेल तर वरगावच्या शिवारात लाल दिसतं तिथं कुठंही दहा ठिकाणी बोट ठेवा. तुम्हीच निवडा. मी खुणा करते. दहाही जागी ऊस निघेल, असा माझा अंदाज आहे. उद्या सकाळी जाऊन बघू."

गणपतरावांनी बोट ठेवलं खरं, पण नकाशा वाचता येत नसल्यामुळं आपण कुणाच्या रानावर बोट ठेवतोय हे त्यांना कळेना. बर्वेसाहेबांनी बैठक आठवड्यावर ढकलली. सगळे गेल्यावर त्यांनी हात पुढं केला. "तो नकाशा इकडे द्या. आणि उद्या जीप मिळणार नाही."

"नकाशा समितीनं स्वीकारलाय, साहेब. इतिवृत्ताला जोडायचा आहे, तेव्हा देईन. आणि वरगावला एसटी जाते."

दुसऱ्या दिवशी ती, चिमणाबाई आणि गणपतरावांचे दोन चुलतभाऊ सकाळपासून उन्हं डोक्यावर येईतो हिंडले. पद्मावती पट्टीनं अंतर मोजी, ओढा आणि रस्ता धरून जागा काढी. पहिल्या जागी ऊस. दुसऱ्या जागी ऊस. सातव्या जागी तर ऊस इतका माजलेला की चिमणाबाई आत शिरली आणि दिसेनाशीच झाली. नवव्या जागी मात्र ऊस नव्हता. आंब्याची जुनी राई होती. आंबाही हिरवाच, तोही लाल दिसलेला.

"चुकलं की बाईंचं!" एक चुलतभाऊ मांडीवर थाप मारून म्हणाला.

"चुकलं," पद्मावती म्हणाली आणि वहीत लिहिलं: जागा नऊ, आमराई, माझा अंदाज चूक. दहाव्या जागी ऊस निघाला.

परतताना एसटीच्या थांब्यावर चिमणाबाई म्हणाली, "बाई, मला वाचाय शिकीव ह्ये. तुला किती दिवस ठेवत्यात कुणाला ठावं."

तिचं खरं ठरलं. दोन दिवसांत पद्मावतीच्या हातात चंदगडच्या बदलीचा हुकूम पडला. कार्यभार सोडायला आठवडा दिला होता, आणि बैठकीत बसायची मनाई. तिनं हुकूम घडी करून ठेवला आणि रोज कचेरी सुटल्यावर टेकमाळ गाठलं. शाळेच्या व्हरांड्यात चिमणाबाई आणि आणखी चौघीजणी लाल पेन्सिलीनं पारदर्शक कागदावर रानं गिरवायला शिकल्या. ऊस कुठला, राई कुठली, हे कडेच्या आकारावरून कसं ओळखायचं तेही शिकल्या. राई ओबडधोबड, उसाचे तुकडे बांधाबांधानं सरळ. हे पद्मावतीलाही त्या आमराईनंच शिकवलं होतं.

बैठकीच्या दिवशी ती नकाशाची नळी मांडीवर घेऊन दाराबाहेरच्या बाकावर बसली. शिपायानं दार लोटून घेतलं, पण कोल्हापुरी बोलणं दाराला थोडंच अडतं?

"ती मगदूमबाई न्हाय, तर त्यो नकाशा सांगणार कोण?" गणपतराव विचारत होते.

"मी सांगते की. बसा." चिमणाबाई. गिरवलेला कागद उलगडल्याचा आवाज झाला. "ह्यो ओढा. ह्यो तुमचा कालवा. ह्ये तीन तुकडे तुमच्या थोरल्या भावाचे, सरळ कडेचे."

"अगं, दहातलं एक चुकलं हुतं त्या बाईचं!"

"चुकलं, म्हणून तिनं आपल्या हातानं लिवून ठेवलंय. तुमच्या नोंदीत वीस वर्सांत एक तरी चूक लिवलेली दावा मला. दावा!"

मग बर्वेसाहेबांचा थकलेला आवाज आला, "हे बघा, मधला मार्ग काढू. अर्धी पाळी टेकमाळला."

"आर्धी न्हाय."

"चिमणाबाई, जरा समजून..."

"आर्ध्या पाळीचं पाणी शेपटाला पोचत न्हाय, वाटंतच जिरतंय. ते तुमाला बी ठावं हाय, सायेब. पुरी पाळी. लिवा. लिवल्याबिगार मी हितनं उठत न्हाय, आन् खाली आमचं आख्खं गाव हुबं हाय."

पद्मावतीनं जिन्यावरून खाली डोकावून बघितलं. गाव खरंच उभं होतं. तिनं शिपायाला बाजूला व्हायला सांगितलं, दार उघडलं आणि मनाई मोडून आत जाऊन चिमणाबाईशेजारची खुर्ची ओढली.

"नकाशा जोडायला आणलाय," ती म्हणाली. "लिहा, साहेब. पुरी पाळी."