जुबेदाचा वजीर

बुरशी लागलेली फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालणं म्हणजे चिखलाचे पाय घेऊन देवघरात शिरणं, हे मी शमशुद्दीनला आधीच सुनावलं. मग कव्हर कापून आतली चकती साबणाच्या पाण्यानं धुतली, वाळवली, नव्या कव्हरात घातली. तो समोर चहा गार करत बसला होता.

शाळेपासूनचा दोस्त माझा. तो आणि त्याची बायको जुबेदा अठ्ठ्याऐंशी साली टीव्हीला जोडायच्या कॉम्प्युटरवर एकमेकांशी बुद्धिबळ खेळायचे. दवाखान्यात जायच्या सकाळी आपली चाल करून तिनं डाव या फ्लॉपीवर ठेवला, आणि ती परत आली नाही. ती चाल बघायचा धीर याला इतकी वर्षं झाला नाही. आता फ्लॉपीला बुरशी दिसली तेव्हा घाबरला. कोथरूडमध्ये असली यंत्रं जिवंत ठेवणारा खुळा मी एकटाच.

फ्लॉपी घातली आणि खर्र आवाज आला. झटकन बाहेर ओढली. चकतीवर ओरखडा, त्यात तांबडी भुकटी.

"पद्मजा, दसऱ्याला ड्राइव्हच्या तोंडात कुंकू कोणी कोंबलं?"

"पूजा केली," बायको आतून म्हणाली. "यंत्राची नाही तर काय तुमची करू?" बाहेर येऊन ओरखडा बघितला तशी तिचा चेहराच उतरला.

"वहिनींना बोलू नकोस," शमशुद्दीन म्हणाला. "वाच पुढं."

ड्राइव्ह उघडून स्पिरिटनं पुसला. माझा प्रोग्राम फ्लॉपीचा एकेक तुकडा वाचून कॉपी काढतो. प्रत्येक तुकड्याबरोबर पडताळणीचा आकडा असतो. आत कणभर बिघडलं तरी तो जुळत नाही. सगळे तुकडे आले, ओरखड्याखालचा अडला. नेमका डावाचा.

पुन्हा वाचावं तर चकती आणखी खरवडणार, सोडावं तर डाव गेला. दुसऱ्याच्या बायकोची शेवटची चाल माझ्या हातात होती.

"काय करू रे?"

"वाच."

चकतीवर टेकणारा भाग बोटानं केसभर सरकवला आणि बटण दाबलं. तुकडा आला. आकडा जुळला. मला रडूच येणार होतं.

डाव पडद्यावर उमटला. जुबेदाचा वजीर शमशुद्दीनच्या प्याद्याच्या तोंडात उभा होता, पाठीशी कोणी नाही.

"हे बिघडलंय," तो म्हणाला. "कुंकवानं वजीर हलवलाय. आख्ख्या संसारात तिनं मला एक प्यादं फुकट दिलं नाही."

हो म्हणावंसं फार वाटलं. पण खोटं बोलवेना.

"आकडा जुळलाय, शमशू. तिनंच ठेवलाय."

पद्मजा त्याच्याजवळ येऊन बसली.

"मला म्हणाली, दोन दिवसांत येते," तो म्हणाला. "ठाऊक होतं तिला, परतायचं नाही ते. म्हणून वजीर देऊन गेली. जिंकून गेली असती तर निदान भांडलो तरी असतो."

वजीर त्यानं मारला नाही. डाव होता तसाच ठेवायला सांगितला.