सुटली का शाळा?

बाहेर बादलीची कडी खळ्ळकन पडली आणि घरातली शांतता मोडली.

ही शांतता नलिनीला फुकट मिळत नसे. आधी किमयाची शाळेची बस, मग शैलेशची हिंजवडीची बस, मग भांडी, कपडे, केर. एवढं सगळं उरकलं की कुठे घर गप्प व्हायचं. तिने खिडकीशी बसून पाय लांब केले, की अकराच्या सुमाराला दाराबाहेर ही कडी वाजायची. सोनाली बेल कधी वाजवत नसे. हिरवी बादली थोडी उचलून पुन्हा खाली ठेवायची, म्हणजे आत कळायचं.

नलिनीने दार उघडलं. सोनाली आपल्या पाटीत सालं ओतून घेत होती. अकरा-बारा वर्षांची पोर, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, अंगात शाळेचाच निळा झगा, पण त्याच्यावर भावाचा सदरा.

"सुटली का शाळा?" नलिनीने विचारलं.

"सुटली की."

नलिनीने तिच्या हातावर शेंगदाण्याची चिक्की ठेवली, "गुणाची गं माझी बाय," म्हणाली आणि दार लावून घेतलं. दोघींचं हे रोजचंच होतं. शेजारची ज्ञानदा तर या प्रश्नाला हसायची. म्हणायची, नलिनी, तू दुसरं काही विचारतच नाहीस का त्या पोरीला? खरोखरच नलिनीने दुसरं काही विचारलं नव्हतं.

नलिनी मूळची नांदेडकडची. तिच्या लहानपणी गावात टँकर यायचा तो नेमका शाळा भरायच्या वेळी, आणि पोरींनी रांगेत घागरी लावायच्या असा रिवाज होता. शाळेचा पहिला तास कसा असतो, हे तिला पुष्कळ वर्षं माहीत नव्हतं. म्हणून इथे लवळ्याच्या डोंगराखाली नव्या सोसायटीत चोवीस तास पाणी आलं, तरी तिचा हात सैल सुटला नाही. तांदळाचं धुवण कढीपत्त्याला, भाजीचं पाणी तुळशीला, आंघोळ बादलीतच. रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला की शैलेशच्या नावाने हाक. तो म्हणायचा, डोंगरावरची कॉलेजं रात्रभर झगमगतात आणि तू माझा एक बल्ब विझवून जग वाचव.

मागच्या साली पावसाने जूनभर दडी मारली, तेव्हा किमयाच्या शाळेत मुलांना सांगितलं, पृथ्वीला ताप आलाय, प्रत्येकाने घरी एक काम करा. किमया पहिलीत. ती घरी येऊन रडली. ताप आलाय म्हणजे पृथ्वीला क्रोसिन द्यायचं का, असं तिने विचारलं, आणि नलिनीने तिला मांडीवर घेऊन म्हटलं, आपण काहीतरी करू, बाळा.

मग तिला सुचलं. सोसायटीचा कचरा गाडी पलीकडच्या खाणीत नेऊन ओतायची, तिथे तो कुजायचा, पेटवला की चार दिवस धुमसायचा. आणि सोसायटीच्या भिंतीला लागून उतारावर कोंडाबाईचं खोपट होतं. तिचा नवरा बिरू मेंढरं घेऊन माले गावाच्या बाजूला फिरतीवर असायचा, शेरडं हिच्याजवळ. मटाराच्या शेंगा, कोबीची पानं, केळ्यांची सालं, शेरडांना याहून काय हवं? नलिनी दारोदार हिंडली. ओला कचरा हिरव्या बादलीत, बाकीचा काळीत. कांदा-लसूण नको, प्लॅस्टिक चुकूनही नको, जनावराच्या पोटात जातं. बायकांनी कुरकुर केली आणि मग केलं. वेळही नलिनीनेच ठरवली. गाड्या बाहेर पडायच्या घाईत वॉचमन कुणाला आत सोडत नसे, आणि भाज्या चिरून व्हायला अकरा वाजायचेच. अकराची वेळ सोयीची आहे ना, हे तिने सगळ्यांना विचारलं होतं. म्हणजे सगळ्या फ्लॅटवाल्यांना.

सुरुवातीला कोंडाबाई स्वतः यायची, सहावीतल्या आपल्या लेकीचं, सोनालीचं, कौतुक सांगायची. सोनाली पहिल्यांदा एकटी आली तो शनिवार होता. शनिवारी गावातली शाळा सकाळची असते, हे नलिनीला ठाऊक होतं. म्हणून तिने सहज विचारलं, सुटली का शाळा? आणि पोरगी म्हणाली, सुटली. पुढे ती सोमवारी आली, बुधवारी आली, रोज येऊ लागली. किमयाची शाळा रोज सकाळचीच, तशी हिचीही असेल. नलिनीच्या मनात दुसरा विचार आला नाही.

फेब्रुवारीत गावातल्या शाळेतून नरहरी गुरुजींचा निरोप आला. तुमच्या सोसायटीचं काम आमच्या मुलींना सांगा, त्यांना धीर येईल. शनिवार होता, किमयाला सुट्टी, म्हणून तिलाही बरोबर घेतलं. नलिनीने गुलबक्षी साडी नेसली. वाटेत तिने दोनदा भाषण म्हणून पाहिलं आणि दोन्ही वेळा किमयाने टाळ्या वाजवल्या.

वऱ्हांड्यात सतरंजीवर मुली बसल्या होत्या. नलिनी बोलली ते मनापासून. म्हणाली, मुलगी शिकली की तिला पावसाचं, पाण्याचं, झाडाचं कळतं, ती घर सांभाळते तशी जमीन सांभाळते. बाकी काही करता आलं नाही तरी चालेल, पण शाळा सोडू नका. बोलता बोलता तिला वाटलं, एवढ्या लांबच्या गोष्टी कशाला, दाखला तर यांच्यातच बसलाय.

"तुमच्याच शाळेत एक मुलगी आहे," ती म्हणाली. "रोज आमच्याकडून सालं नेते. तिच्यामुळे आमच्या इमारतीचा निम्मा कचरा खाणीत जायचा थांबला. सहावीतली सोनाली. उभी राहा बरं, सोनाली."

कुणी उठलं नाही. मुली मागे वळून पाहू लागल्या. मागे भिंत होती. नलिनीला वाटलं, लाजली असेल. तिने हसून पुन्हा हाक मारली. तेव्हा पुढच्या रांगेतली एक मुलगी गुडघ्यावर उठून म्हणाली, "बाई, तिची शाळा सुटली."

एवढी-एवढीशी गंमत आपल्या भाषेत असते. घंटा होऊन पोरं घरी पळतात, त्यालाही शाळा सुटली म्हणतात. आणि हातातून निसटून जाते, त्यालाही सुटलीच म्हणतात. क्षणभर नलिनीच्या मनात आलं, सुटली कशी, तुम्ही सगळ्या तर इथेच बसलाय. मग तिला कळलं.

नरहरी गुरुजींनी खाली मान घालून सांगितलं, दिवाळीनंतर आलीच नाही ती. दोनदा घरी जाऊन आलो. गणितात चांगली होती. भाषणाचं पुढे काय झालं ते नलिनीला आठवलं नाही. टाळ्या मात्र झाल्या.

ती किमयाचा हात धरून थेट उतारावरच्या खोपटापाशी गेली. कोंडाबाईला त्या दिवशी काम नव्हतं, ती दावणीपाशी बसून पिलाला पाजत होती. सोनाली पाटी घेऊन निघायच्या बेतात होती. अकरा होतच आले होते. नलिनीला पाहून ती थांबली आणि पाटी मागे लपवावी तशी धरली.

नलिनीचा आवाज तिच्याही मनात नसताना चढला. शाळा सोडवलीत आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत, असं ती म्हणाली. कोंडाबाईने पिलू खाली ठेवलं.

"तुमीच अकराची येळ दिली न्हवं, ताई? मी रोजावर खुरपाया जाती वर कॉलेजात. बिरू मेंढरांमागं. मग पाटी कोन आननार?"

नलिनी म्हणाली, वेळ बदलू. संध्याकाळी पाचला ठेवू. ते नको असेल तर मी स्वतः सकाळी बादली खाली आणून देते.

"द्याल वो. आन् शेरडं? ती बी तुमीच राखता का?" कोंडाबाई हसली, पण त्या हसण्यात विखार नव्हता. मग तिने सगळं सांगितलं. पूर्वी शेरडं सकाळी डोंगराला लावली की गावच्या बाकी जनावरांबरोबर चरून आपली आपण माघारी यायची. आता डोंगराला कुंपण पडलं. त्यात सालांची चटक लागली. कडी वाजली की सगळी वरती सोसायटीकडे तोंड करून उभी. दावं सोडलं की भिंतीवरून उड्या, खाली बागेत, लोकांच्या गाड्यांवर. दिवसभर कुणीतरी मागे लागतंच. "पर बादली बंद करू नका हां, ताई," ती एकदम घाबरून म्हणाली. "शेरडं इकायला काढली हुती आमी. तुमच्या सालांवर ऱ्हायली ती. लई पुन्य लागंल तुमाला."

पुण्य हा शब्द नलिनीला थोबाडीत बसल्यासारखा लागला. ती सोनालीकडे वळली. तिच्यापुढे उकिडवी बसली, तिच्या सदऱ्याची वर गेलेली बाही खाली केली. रोज दारात येत होतीस, मी रोज विचारत होते, एकदा तरी खरं सांगायचंस गं, असं ती अगदी हळू म्हणाली.

"मी खरंच सांगत हुते," सोनाली म्हणाली. "तुमी इचारायच्या सुटली का. मी म्हनायची सुटली." मग जरा थांबून, "तुमी चिक्की द्यायच्या. मला वाटलं तुमाला ठावं हाय."

 चिक्की देताना आपण काय म्हणायचो ते नलिनीला आठवलं. गुणाची बाय. या पोरीने चार महिने ते शाळा सोडल्याचं कौतुक म्हणून ऐकलं होतं.

सोमवारपासून शाळेत जाशील का, तिने विचारलं. सोनालीने आईकडे पाहिलं, आईने शेरडांकडे. पोरी मला सालपटी म्हनत्यात, सोनाली एवढंच बोलली आणि पाटी डोक्यावर घेऊन सोसायटीच्या फाटकाकडे चालू लागली. मागे शेरडं ओरडायला लागली.

घरी येताना जिन्यात ज्ञानदा भेटली. नलिनीने तिला सगळं सांगितलं, आणि आपण सगळ्यांनी मिळून शेरडं राखायला एक माणूस ठेवू या का, असंही विचारलं. ज्ञानदाला वाईट वाटलं, अगदी खरं वाटलं. पण ती म्हणाली, अगं, बायकांनी साल वेगळं करायला तीन महिने लावले, आता शेरडांना माणूस ठेवायचा म्हटलं तर बादल्याच आत घेतील. मीटिंगमध्ये काढू विषय. नलिनी म्हणाली, काढू. तो ती काढणारच होती. पण मीटिंग महिन्याच्या शेवटी असायची, आणि सहामाही तर केव्हाच होऊन गेली होती.

दुपारी तिने साडी बदलली नाही. कुकर लावला, वरणाला फोडणी दिली, मिरची जळली तशीच राहू दिली. किमया ओट्याशेजारच्या स्टुलावर बसून केळं खात होती.  पाय हलवत नुसती आईकडे बघत होती. केळं संपलं. ती स्टुलावरून उतरली, साल दोन बोटांत धरून दोन्ही बादल्यांसमोर उभी राहिली आणि तशीच राहिली.

"टाक ना, हिरव्या बादलीत," नलिनी न वळताच म्हणाली.

"पण मग सोनालीताईला यावं लागेल न्यायला."

"मग काळीत टाक आजच्या दिवस."

"मग पृथ्वीचा ताप वाढेल ना?"

नलिनीने गॅस बारीक केला. पदराला हात पुसत ती वळली. किमया साल हातात घेऊन तिच्याकडे मान वर करून बघत होती. तिला खात्री होती, आईला माहीत असणार.

"सांग ना, आई. कुठे टाकू?"