बारा रंगांची डबी

मेर्लिताने चौथ्यांदा पापण्यांवर ब्रश फिरवला आणि वैतागून आरसा पालथा घातला. डबीत बारा रंग होते, सगळे ‘न्यूड’, म्हणजे म्हणे अंगच्या कातडीसारखे. कुणाच्या कातडीसारखे, ते मात्र छापायचं राहून गेलं होतं. तिच्या सावळ्या पापणीवर पहिले चार रंग चुलीतल्या राखेसारखे दिसत आणि उरलेले आठ दिसतच नसत. एकशे नव्वद पेसो पाण्यात गेले होते.

फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरातल्या या मॉलमध्ये दुकान उघडण्याआधी विक्रेत्या मुलींनी रांगेत उभं राहायचं. आधी प्रार्थना, मग तपासणी: नखं, अंबाडा, ओठ, पापण्या. मेकअपच्या काउंटरवरच्या मुलीने जे विकायचं तेच तोंडाला लावून यायचं, तेही पदरचे पैसे घालून. ‘पापण्या कोऱ्या’ म्हणून मेर्लिताच्या गळ्यातल्या कार्डावर दोन खुणा झाल्या होत्या. तिसरी पडली की घरी. नोकरीची पाच महिन्यांची मुदत शुक्रवारी संपत होती आणि पुढचे पाच महिने मिळणं सुपरवायझर क्रिसेल्दा मॅमच्या सहीवर होतं.

“खाली पांढरी पावडर थाप गं, पोरी,” शेजारच्या चपलांच्या काउंटरवरून मानांग नेना, म्हणजे नेनाताई, म्हणाली. “वर रंग उठून दिसेल.”

मेर्लिताने थापली. “आता?”

“आता घुबड दिसतेस. पूस ते.”

पुसून, पुन्हा लावून ती रांगेत उभी राहिली. क्रिसेल्दा मॅम तिच्यासमोर थांबली.

“आजही कोऱ्याच?”

“चार थर दिलेत, मॅम.”

मॅमने अंगठा तिच्या पापणीवरून फिरवला. गोऱ्या अंगठ्यावर तो तपकिरी रंग असा काही खुलला की मेर्लिताचा जीव जळला.

“रंग तर चांगला आहे,” मॅम म्हणाली. “तुलाच लावता येत नाही. दुपारी परत बघते. तेव्हाही हेच असेल तर तिसरी खूण.”

अकराच्या सुमारास एक बाई मुलीला घेऊन आल्या. मुलीच्या शाळेचा निरोप समारंभ होता. मुलगी मेर्लिताहून दोन छटा सावळी, हसरी. तिने तीच डबी उचलली.

“माझ्यावर दिसेल का हे?”

मेर्लिताच्या तोंडात ‘हो’ तयार होतं. डबी खपली असती, मॅम खूश झाली असती. पण मुलगी तिच्या पापण्यांकडेच बघत होती.

“मी सकाळपासून लावतेय,” मेर्लिता म्हणाली. “दिसतंय का तूच सांग.”

मुलीने हळूच डबी खाली ठेवली. मागून मॅम लगबगीने पुढे आली, बाईंकडे बघून गोड हसली. “अहो, दिसेल ना. सोबत आपला गोरं करणारा साबण घ्या. दोन महिने लावू दे हिला, मग बघा रंग कसा बसतो.”

मुलीचं हसू मावळलं. ती आपल्या हातांकडे बघू लागली. मेर्लिताच्या डोक्यात तिडीक गेली.

“तो साबण मी पाच महिने लावतेय, मॅम,” ती म्हणाली, आणि गळ्यातलं कार्ड काढून तिने स्वतःच मॅमपुढे धरलं.