कोपरानं उचललेला फोन

आमच्या घरात फोन कोपरानं उचलतात. सासूबाईंचे दोन्ही हात ज्वारीच्या पिठात असतात, म्हणून. त्या परात घेऊन खाली बसतात, उजव्या बाजूला बुटकं स्टूल, स्टुलावर फोन. घंटी वाजली की स्पीकरच्या बटणावर कोपर मारायचं आणि थापता थापता म्हणायचं, "जय भीम, बोला."

ही घोषणा नाही, सवय आहे. सोलापूरच्या बुधवार पेठेतल्या आमच्या गल्लीत सगळे असाच फोन उचलतात. कुणी नुसतं 'हॅलो' म्हणालं तर पलीकडचा विचारतो, "कोन बोलतंय? राँग नंबर लागला का?"

आमचा धंदा कडक भाकरीचा. कागदासारखी पातळ थापायची, भाजायची, मग चुलीभोवती उभी करून कुरकुरीत होईपर्यंत शेकायची. महिनाभर टिकते. नाव 'मुक्ता कडक भाकरी', सासूबाईंचंच. त्यांना मी आत्या म्हणते. दुकान नाही, पाटी नाही. जे काही आहे ते फोनवर. पुण्याला राहणारी माणसं, लग्नाचे आचारी, अक्कलकोटची गौरम्मा, सगळे फोन करून सांगतात. फोन बंद तर चूल बंद.

आणि घरात मोबाईलला रेंज नाही. पलीकडच्यानं तीन मजले चढवले तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात आवाज येईना. मोबाईल घेऊन गल्लीत पळायचं, तोवर गिऱ्हाईक गेलेलं. म्हणून इंटरनेटवरचा फोन घ्यायचं ठरवलं. वायफायच्या डब्यातून चालतो, नंबर एकच, हवा तिथं वाजतो.

तो विकायला सतीश आला. जुळे सोलापूरचा, इस्त्रीचा शर्ट, पाठीवर लॅपटॉप, कंपनीचं नाव 'वाणीसेतू'. तोंडात मात्र साखर.

"मॅडम, डोळे झाकून घ्या. अशोक चौकातल्या टॉवेलवाल्यांना मीच दिलाय. एकदम खणखणीत आवाज."

मी चहा ठेवला. "चहा नको, ॲसिडिटी आहे," म्हणाला. असेलही. आम्हाला हे कधीच नक्की कळत नाही, खरंच ॲसिडिटी आहे की आमच्या कपाची आहे. पुढं जे झालं ते सगळं ह्या न कळण्यावर झालं.

फोन बसला. पहिला आठवडा बरा गेला. मग फोन कापले जायला लागले. घंटी वाजायची, आत्या कोपर मारायच्या, "जय भीम, बोला," म्हणायच्या आणि पलीकडून कट. एक झाला, दुसरा झाला. नवं गिऱ्हाईक तर जवळपास सगळंच कट. भाकरीच्या चळती घरात तशाच.

सतीशला बोलावलं. त्यानं लॅपटॉप उघडला, कॉल बघितले, मान हलवली.

"लाईन शंभर टक्के ओके आहे, मॅडम. कॉल लागतोय, उचललाही जातोय. आणि उचलल्या उचलल्या कापतायत." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मावशी फोन उचलून काय म्हणतात?"

"जय भीम," मी म्हणाले.

"हां." एवढंच म्हणाला आणि हसला. ते हसू मी लहानपणापासून ओळखते. शाळेत बघितलंय, भाड्याचं घर शोधताना बघितलंय.

"स्पष्ट बोला की."

"राग मानू नका ताई. मी स्वतः असलं काही मानत नाही. माझ्या ऑफिसात पण तुमच्यातले आहेत. पण धंदा खाण्याचा आहे. गिऱ्हाइकाला कळलंच पाहिजे असं कुठं लिहिलंय? आमच्याकडं मुलीच्या आवाजातलं ग्रीटिंग आहे, थोडं जास्त पडेल, पण एकदम प्रोफेशनल. नमस्कार, आपलं स्वागत आहे, असं. आणि मावशींनीही पुढं नुसतं नमस्कार म्हणायचं. बघा फरक."

मी त्याला दाराबाहेर हाकलणार होते. पण माझा नवरा, यशपाल, घरी होता. तो कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात आहे, रोज गाडीनं जाऊन-येऊन करतो; त्या दिवशी सुट्टी होती. तो खाली मान घालून म्हणाला, "करा ते ग्रीटिंग."

"अहो!"

"अगं, खरंय त्याचं. मला काय माहीत नाही का? वर्कशॉपात माझ्या डब्यातली चटणी सगळी मागून खातात. घरी जेवायला या म्हटलं की प्रत्येकाचा नेमका त्याच दिवशी उपास."

तो उपास मलाही ठाऊक होता. कुणी आम्हाला सांगितलं असतं की उन्हामुळं फोन कापले जातात, तर आम्ही भांडलो असतो, पुरावा मागितला असता. हे मात्र ऐकल्या ऐकल्या पटलं. आमच्यासारख्यांनाच पटतं. आयुष्यभर दारं तोंडावर आपटली की पुढचं दार वाऱ्यानं आपटलं तरी माणूस तेच समजतो.

आत्या परातीवरून वर बघत म्हणाल्या, "मग मी काय म्हनू?"

"नमस्कार म्हन, आई," यशपाल म्हणाला.

"म्हनते की. माजं काय जातंय."

त्यांचं काय जात होतं ते चेहऱ्यावर दिसत होतं. दुसऱ्या दिवसापासून त्या 'नमस्कार' म्हणायला लागल्या, कडू गोळी पाण्याशिवाय गिळावी तशा. शेजारची फुलाबाई पापडाचं पीठ मागायला आली आणि तेवढ्यात फोन वाजला. "नमस्कार," आत्या म्हणाल्या. फुलाबाईनं पदर तोंडाला लावला.

"मुक्ताबाई, कुनाच्या घरी बसलाय वो तुमी?"

त्या दिवसापासून आत्यांनी स्टूल लांब सरकवलं. फोन वाजला की म्हणायच्या, "प्रिया, तुजा वाजतोय." इतके दिवस तो आमचा होता.

आणि फोन? फोन कापलेच जात होते. मुलगी गोड आवाजात स्वागत करायची, मी 'नमस्कार' म्हणायचे आणि पलीकडून "हॅलो? हॅलो?" आणि कट. यशपाल म्हणाला, "नावावरून कळत असंल. मुक्ता." मी म्हणाले, "मग माझं नावच बदला. गोमूत्र शिंपडा भाकरीवर." तो ताटावरून उठून गेला. घरात आठवडाभर हीच भाषा होती.

मग एक दिवस दारात गौरम्मा. अक्कलकोटहून एसटीनं आलेली, घामाघूम, हातात रिकामी पिशवी. देवस्थानापाशी तिचं छोटं दुकान आहे, वर्षानुवर्षं आमच्याच भाकरी विकते. चप्पल काढायच्या आधीच कानडी हेलात सुरू झाली.

"येन री बाई! लई मोट्या झालात व्हय तुमी? फोन लावते, एक पोरगी गोड गोड बोलते, मंग सगळी मुकी! मी हितं ओरडतेय हॅलो हॅलो, आणि कुनी तोंड उगडंना!"

"मी तर नमस्कार म्हणाले, गौरम्मा."

"कुटं म्हनलीस? भुताला म्हनलीस? आनि त्याच्या आदी बी तसंच. सासू तुजी 'ज' म्हनायची आनि गप."

आत्यांचा हात पिठात थांबला. "मंग तू 'जय भीम' ऐकून न्हाय कापलंस?"

गौरम्मा त्यांच्याकडं बघतच राहिली. "अय्यो! इतकी वर्सं ऐकतेय, आता कशाला कापीन? तुमचं डोकं फिरलंय काय?"

मी मोबाईल घेतला आणि गल्लीच्या तोंडाशी गेले, जिथं रेंज येते. आमचाच नंबर लावला. मुलीनं माझं स्वागत केलं. ती कंपनीच्या मशिनीतून बोलते, तिला कशाची अडचण! मग घंटी, मग शांतता. मी ओरडले, "आत्या, बोला काहीतरी!" शांतता. कापला आणि घरात धावले.

"तुम्ही बोललात का?"

"बोलले की. तूच कोकलत हुतीस, बोला बोला. गौरम्मानं बी आवाज दिला."

म्हणजे बाहेरचा आवाज आत येत होता, आतला बाहेर जात नव्हता. गिऱ्हाईक "हॅलो? हॅलो?" म्हणून कंटाळून ठेवत होतं. ज्याला आमचं पाणी चालत नाही तो दोनदोनदा हॅलो कशाला करेल? तो तर ऐकतो आणि ठेवतो. इतकी साधी गोष्ट आम्हाला दिसली नाही, कारण आमच्या डोळ्यांपुढं सतीशनं ते हसू उभं केलं होतं.

सतीशला मी एवढंच सांगितलं की आणखी एक फोन घ्यायचाय. लगेच आला, गौरम्मा अजून बसलेलीच होती. मी पुढ्यात उभी राहिले.

"आमचा आवाज बाहेर जात नाही. गल्लीत जाऊन लावून बघा."

त्यानं गल्लीत जाऊन लावून बघितला. चेहरा उतरला. परत आत आला तसं मी दार आतून लावलं. तो स्टुलामागं वाकून वायरी हलवायला लागला. "असं होतं कधीकधी, ताई. एकाच बाजूनं आवाज जातो. सेटिंगचा इश्यू असतो. वरून आमच्याकडं पण जरा लोड आहे सध्या."

"मग जय भीमचं काय?"

"तो एक अंदाज होता."

"अंदाज? लाईन तपासायच्या आधी आमची जात तपासलीस?"

"हे बघा, तुम्ही उगाच जातीवर नेताय," तो म्हणाला.

मी नेत होते! माझ्या हातात उलथनं होतं, ते मी चुलीपाशी ठेवून दिलं, कारण ते हातात ठेवणं बरं नव्हतं.

तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. त्याला रेंज कशी आली कुणास ठाऊक, स्टूल आता खिडकीपाशी होतं म्हणून असेल. दोन्ही हातांत वायरी, त्यानं मोबाईल खिडकीत ठेवून स्पीकरवर टाकला.

"सतीशसाहेब, टॉवेलवाला बोलतोय, अशोक चौक. तुम्ही म्हणाला तेलुगू मिसळून बोलू नका, पार्टी कापती. आता माझा पोरगा शाळेतल्या बाईवाणी शुद्ध मराठी बोलतो, साहेब, तरी कापतायत की हो!"

सतीशनं झडप घालून मोबाईल बंद केला. मग गौरम्मा पहिल्यांदा हसली, असं हसली की तिला ठसका लागला.

"मला फोन इकला असता तर काय सांगितलं असतंस रे? कानडी हाय म्हनून?"

आत्या मात्र हसल्या नाहीत. पिठाच्या हातानं स्टुलावरचा फोन उचलला, वायरीसकट त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर टेकवला. शर्टावर पांढरा पंजा उमटला.

"घिऊन जा. आनि ऐक. लोकं आमाला शिवत न्हाईत ते आमचं आमी बगू. तुजी मोडकी लाईन आमच्या अंगावर घालू नगंस."

"मावशी, मी रिपेअर करून देतो, फुकट..."

"चहा घिऊन जातूस का?" आत्या म्हणाल्या. "ॲसिडिटी न्हाई ना आज?"

तो दार उघडून गेला. त्या संध्याकाळी यशपालला मी सगळं सांगितलं. तो पहिल्यांदा टॉवेलवाल्यावर हसला, मग स्टूल उचलून परातीच्या उजव्या बाजूला, होतं तिथं ठेवलं. तोंडानं काही बोलला नाही. बोलायला पाहिजे होतं, असं माझं आजही म्हणणं आहे.

नवा फोन मी कुणाच्या साखरेवर घेतला नाही. तीन कंपन्यांची माणसं बोलावली. प्रत्येकाला अट एकच: आधी आठवडाभर लावून दाखवा, पैशाचं मग. पहिल्याला मी गल्लीच्या तोंडाशी घेऊन गेले, नंबर लावला, मोबाईल त्याच्या कानाला लावला. आतून आत्या बोलत होत्या, याला तुकडे ऐकू येत होते. दुसरा म्हणाला, "टेस्टिंगसाठी नुसतं हॅलो म्हटलं तरी चालतं, मॅडम." मी म्हणाले, "आमच्याकडं टेस्टिंगला जय भीम लागतं. ते अख्खं ऐकू आलं पाहिजे." तो बॅग उचलून गेला. लाईन कशी होती, बघितलीही नाही.

तिसरी मुलगी होती. तिनं फार बोलणं केलं नाही. वायफायचा डबा कपाटामागून काढून बाहेर मोकळ्यावर टांगला, फोनची वायर बदलली, आणि म्हणाली, "संध्याकाळी सगळी गल्ली सिनेमे बघत असते, तेव्हा लावून बघा. दुपारी सगळेच चांगले चालतात." मी संध्याकाळी गल्लीत उभी राहिले. पोरं क्रिकेट खेळत होती, कुणाची तरी मोटारसायकल फुरफुरत होती. कानात आत्यांचा आवाज आला, त्यामागं भाकरी थापल्याचा थप थप आवाजही आला. "जय भीम, बोला. ऐकू येतंय का गं? का परत मुकी झाले?"

आठवडा संपत आला होता. ही लाईन ठेवायची का, ते दुसऱ्या दिवशी कळवायचं होतं. मी चटणी भरत होते, यशपाल भाकरी बांधत होता. फोन वाजला. आत्यांनी कोपर मारलं.

"जय भीम, बोला. मुक्ता कडक भाकरी."

पलीकडं कुणी पुरुष होता. त्यानं हॅलो केलं नाही. श्वास ऐकू येत होता, मागं टीव्ही ऐकू येत होता, इतकी ती लाईन स्वच्छ. मग एका बाईनं लांबून विचारलं, "मिळतायत का?" आणि त्यानं तोंड फिरवून, पण आम्हाला अक्षर न् अक्षर ऐकू येईल असं, सांगितलं, "राहू दे. दुसरीकडं बघू."

कट.

यशपालच्या हातातली दोरी तशीच राहिली. मी आत्यांकडं बघितलं.

त्यांनी पिठाचा गोळा उचलला, परातीत आपटला आणि थापायला लागल्या.

"ह्यानं ऐकलं," त्या म्हणाल्या. "ह्यो खरा कापला. लाईन चांगली हाय, प्रिया. हीच ठेव."