मागे न बघता बसणारी

सर्कशीत त्याला सगळे धडपड्या म्हणायचे. पडावं तर त्यानेच! गेल्या हंगामात मात्र हा विदूषक खराखुरा पडला, मांडीचं हाड मोडलं, आणि अख्खा तंबू टाळ्या पिटत राहिला. कहर म्हणजे रिंगणात शेजारी उभी असलेली त्याची बायकोही खदखदून हसली. तिला वाटलं, आज काय रंगलाय गडी! त्या हसण्याची तिला अजून लाज वाटत होती.

हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, आता खुशाल चाला. पण दवाखान्यातल्या व्यायामाच्या खोलीत हा लोखंडी दांड्यांना जो चिकटला, तो सोडेल तर शपथ! जन्मभर पडण्यावर पोट भरलं, आणि आता पडायच्या नुसत्या विचाराने त्याची पाचावर धारण बसायची.

"काका, एकच पाऊल," व्यायाम घेणारी मुलगी गयावया करायची.

"उद्या," हा म्हणायचा.

शेवटी मुलीने बायकोला बाजूला घेतलं. "काकू, पायातला जोर चाललाय. असंच राहिलं तर चाकाची खुर्ची कायमची."

बायको आधी घाबरली. मग तिला राग आला, आणि रागातच आठवला त्यांचा जुना खेळ. तिने मागे न बघता ऐटीत बसायचं आणि त्याने अगदी शेवटच्या क्षणी धावत येऊन खाली स्टूल सरकवायचं. ही सवय इतकी मुरलेली, की घरी जेवायला बसतानाही ती कधी मागे बघत नसे.

दुसऱ्या दिवशी तिने दांड्यांपाशी प्लास्टिकचं स्टूल ठेवलं, खोलीच्या मधोमध त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि मान ताठ केली.

"अहो, बसते हं मी!"

"अगं ए, डोकं फिरलंय का तुझं? कंबर मोडेल!"

ती बसायला लागली.

दांड्या कधी सुटल्या, ते त्यालाच कळलं नाही. स्टूल घेऊन तो लंगडत, ठेचकाळत धावला, आणि ती धप्पकन फरशीवर आपटली. हा स्टूल हातात घेऊन तिच्या डोक्याशी उभा! खोलीतल्या सगळ्या पेशंटांची हसून मुरकुंडी वळली. तीही हसली, पोटभर.

"लागलं का गं?"

"लागेल नाही तर काय? उशीर केलात!"

त्याने वळून दांड्यांकडे बघितलं. त्या बऱ्याच मागे राहिल्या होत्या. त्याचे डोळे भरून आले. मग त्याने स्टूल खाली ठेवलं आणि तिला उठवायला हात पुढे केला.

"उद्या परत बस," तो म्हणाला. "उद्या वेळेवर येतो."