होडीतले बटाटे

लाइदेक्युला गावात घर तिथं होडी, ही बेटावरची जुनी रीत. दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपली, रशियन सैनिक किनाऱ्यावर बसले आणि हुकूम सुटला, कुणी पळायचं नाही, समुद्र बंद, होड्या जाळा. दर उन्हाळ्यात सणाला मोठा जाळ पेटवतात, त्यातच गावाच्या होड्या गेल्या. एल्विनेनं मात्र आपल्या होडीत माती भरून बटाटे लावले.

"होडी कुठाय साहेब? वाफा आहे हा!"

तपासायला आलेला सैनिक हसला नि गेला.

हसेना का! तिचा नवरा योसेप लढाईतच दुसऱ्याच्या होडीतून समुद्रापार स्वीडनला पळाला होता. जाताना एवढंच म्हणाला, "होडी ओली ठेव." लाकूड वाळलं की फळ्या उकलतात, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. एखाद्या धुक्याच्या पहाटे होडी लोटून त्याच्याकडं जायचं, बस्स, दुसरं काही तिला नको होतं.

पण गोची बघा. गोड्या पाण्यानं बटाटे जगतात नि लाकूड कुजतं. खाऱ्यानं लाकूड टिकतं नि बटाटे मरतात. बाई रोज समुद्राचंच पाणी ओतायची. पाला करपला की शेजारचा म्हातारा प्रीडिक आपल्याकडची हिरवी रोपं आणून खोचायचा.

"काय शेतकरीण गं तू! आलं पीक की मेलंच!"

"तोंड आवरा प्रीडिककाका, नि सरळ खोचा."

एका सकाळी नवा सार्जंट एकटाच आला. त्यानं एक रोप उपटलं. खाली बटाटा नाही. मग चिमूटभर माती जिभेवर ठेवली.

"खारट," तो मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला.

"समुद्राचा वारा, साहेब."

त्यानं मागं वळून पाहिलं, आवाज खाली आणला. "बाई, जाशील तेव्हा मलाही ने."

"वाफा कुठं जातो का साहेब?"

त्यानं रोप पुन्हा लावलं, माती दाबली आणि निघून गेला.

"सापळा आहे हा," प्रीडिक म्हणाला.

"नि नसला तर?"

"ते कसं ओळखणार तू?"

खरंच, कसं ओळखणार? तिला घास जाईना. विणायला बसली की टाके सुटत. बूट वाजले की दाराशी, नाही वाजले तरी दाराशी. सापळा असला तर तिच्याबरोबर म्हाताराही सायबेरियात जाणार. शेवटी जीव इतका विटला की बादली घेऊन ती विहिरीवर गेली. गोडं पाणी ओतताना ढसाढसा रडली. प्रीडिकनं कुंपणापलीकडून येऊन बादलीचा दुसरा कान धरला.

बटाटे झकास आले.

मधल्या काळात सार्जंटची बदली झाली होती. दोन उन्हाळ्यांनी तो परत आला तो थेट वाफ्यावर. पुन्हा माती जिभेवर ठेवली आणि त्याचा चेहराच पडला.

"अळणी?"

"अळणी," ती म्हणाली.

तो होडीच्या कडेवर टेकला. कुजकी फळी त्याच्या भारानं मोडली.