फ्रिजमधली दोन यंत्रं

"ताई, स्टिकर लावा की. गाडी कवाची खाली उभी हाय," मल्हारी म्हणाला.

सविताच्या हातात 'तपासले' छापलेल्या स्टिकरांचा रोल होता. टेबलावर सायखेड्याच्या द्राक्षबागाईतदारांची खोकी. पारा उतरला की आतल्या यंत्रानं मोबाइलवर संदेश धाडायचा आणि मल्हारीच्या मंडळींनी उठून बागेत शेकोट्या पेटवायच्या, एवढं साधं काम.

"लावते. आधी फ्रिजपाशी या."

अंबडच्या त्या छोट्या कारखान्याचा मालक धनराज केबिनमधून बाहेर आला. "चहा पाजताय वाटतं पाहुण्यांना!"

यंत्रातला नवा रेग्युलेटर त्याच्याच पसंतीचा. बॅटरीचा दाब एकसारखा राखणारा, तांदळाच्या दाण्याएवढा भाग. यंत्र झोपलं असतानाही जुना रेग्युलेटर बॅटरी चाटत बसे, नवा जवळजवळ उपाशी राही. धनराज सुटे भाग आणि माणसं एकाच कसोटीवर निवडत असे: कमी खाणारी, गप्प बसणारी. सविता तिथं उगाच टिकली नव्हती.

दुधाच्या पिशवीशेजारी दोन यंत्रं होती. "सकाळपासून ठेवलीत. एकात नवा, एकात जुना," ती म्हणाली आणि दार लावलं.

"पत्र्यातून रेंज येते होय?" धनराजनं मल्हारीकडे बघून डोळा मिचकावला.

"पत्रा दोघांनाही एकच आहे, सर."

फ्रिजवर ठेवलेल्या लॅपटॉपकडे तिघं बघत राहिले. फ्रिज घरघरला, थांबला. जुन्याचा संदेश आला. नव्याचा रकाना कोरा. पुन्हा जुन्याचा आला. धनराजनं उगाच घड्याळ पाहिलं.

"बाहेर तर बोलत व्हतं," मल्हारी म्हणाला.

"उबेत बोलतं. संदेश धाडताना विजेचा एकदम मोठा घोट लागतो. गारठ्यात बॅटरी मंदावते, आणि हा नवा रेग्युलेटर तो घोट वेळेवर पोचवत नाही. यंत्र बंद पडतं."

"म्हंजे झोपेत काटकसर, अन् बोंब मारायच्या टायमाला दातखीळ!" मल्हारी हसला; मग हसू विरलं. "मालक, मी हे थंडीसाठीच घेतोय ना?"

धनराज हलक्या आवाजात म्हणाला, "सविताताई, हे आत येऊन सांगता आलं असतं."

"काल आत येऊनच सांगितलं, सर. तुम्ही म्हणालात, स्टिकर लावा."

मल्हारीनं टोपी नीट केली. "जुनंच बसवून द्या. दर साली बॅटरी बदलायला लागली तरी चालंल. बाग बदलता येत नाय."

रिकामी गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत धनराज खिडकीशी उभा होता. मग न वळताच म्हणाला, "उद्यापासून तपासणीला पॅकिंगमधली मनाली बसेल. तुम्ही पॅकिंग बघा."

"बरं."

सवितानं रोल त्याच्या टेबलावर ठेवला. ठेवण्याआधी त्यातला एक स्टिकर मात्र सोलून घेतला होता. फ्रिज उघडून तिनं तो बोलणाऱ्या यंत्रावर चिकटवला, अंगठ्यानं चारही कोपरे दाबले, आणि चहासाठी दूध बाहेर काढलं.